आधी हाक, मग चाप

चीनची लढाई थांबली त्या हिवाळ्यात जो तो बंदूक शिकायला निघाला होता. वकील, गुरुजी, मिठागरांचे मुकादम, कॉलेजातल्या मुली, सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. मी तेव्हा फौजेतून सुटून महाडकडच्या आमच्या गावी थोरल्या भावाच्या शेतावर लुडबुडत होतो. फौजेत मी हवालदार, काम नव्या रंगरुटांना रायफल शिकवण्याचं. सरकारने साध्या नागरिकांसाठीही तसंच शिक्षण सुरू करायचं ठरवलं आणि शिकवणारी माणसं शोधली, त्यात माझं नाव निघालं. हुकूम आला, बेलापूर. भावाने सुटकेचा निःश्वास सोडला, मीही सोडला.

आज नेरूळला मुलाच्या सोसायटीत खाली बाकड्यावर बसलो की पोरं विचारतात, "काका, तुम्ही शूटिंग शिकवायचात? कुठल्या पिक्चरचं?" मी सांगतो, बाबांनो, इथून हाकेच्या अंतरावर टेकडीच्या कुशीत दगडाची एक बंद पडलेली खाण होती. दर रविवारी सकाळी तिथे मी दुकानदारांना, गुरुजींना आणि कोळणींना चटईवर पालथं झोपवून गोळी मारायला शिकवत होतो. पोरं एकमेकांकडे बघतात. त्यांचा विश्वास बसत नाही, आणि सेक्टरांच्या या गर्दीकडे बघून कधी कधी माझाही बसत नाही. तेव्हा इथे खाडी होती, मिठागरं होती, समुद्राचं पाणी अडवून केलेली भाताची खाजणं होती आणि त्यांच्या बांधांवरून जाणाऱ्या पायवाटा होत्या.

नेमबाजीच्या जागेला आम्ही चांदमारी म्हणतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, मोकळं मैदान मिळालं की झाली चांदमारी. पण या धंद्यातला पहिला प्रश्न असतो तो गोळी जाऊन कुठे थांबणार, हा. खाणीला तिन्ही बाजूंनी उभा कातळ होता म्हणून अधिकारी खूश झाले. मी म्हटलं, "साहेब, कातळावर आपटलेली गोळी शहाण्यासारखी खाली पडत नाही. ती उलटी फिरते आणि कुणाच्या तरी कपाळाचा पत्ता शोधते." मग खाडीचा चिखल पोत्यांत भरून कातळापुढे चांगला जाड बांध घातला. ओला चिखल गोळी मुकाट गिळतो. पोती भरायला शेजारच्या दिवाळे गावच्या कोळणी आल्या होत्या. त्यातली एक कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "मास्तर, गोली खायाला आमचा चिखल, मंग गोली मारायला आमी का नाय?"

ती चांगुणा. चाळिशीची, ठेंगणी, अंगाने भरलेली. नवरा पांडू मासेमारी करायचा आणि ती मावरं विकायची. मी म्हटलं, "ये की." मला वाटलं चेष्टा करतेय. पुढच्या रविवारी ती खरंच आली, आणि तेव्हापासून दिवाळ्यात माझं नाव गोळीमास्तर पडलं.

सुरुवातीचे काही रविवार मी कुणाला काडतूस दिलंच नाही. रिकामी रायफल आणि मी, एवढंच. मंडळी चिडायची. पण शिकवायचं असतं ते तिथेच. माणूस दचकला, ठेचाळला, घाबरला की त्याची मूठ आपोआप आवळते. तेव्हा बोट चापावर असेल तर गोळी सुटते, आणि सुटलेली गोळी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून पहिला धडा, बोट चापाच्या बाहेर. मी रांगेमागून फिरत ओरडायचो, "बोट बाहेर!" इतक्या वेळा ओरडायचो की चटईवरच्या माणसाचं बोट त्याला न विचारता सरळ व्हावं. दुसरा धडा, नळी माणसाकडे नाही, रिकामी असली तरी नाही, आणि नळीपुढे कधी जायचं नाही. तिसरा, समोर काय आहे ते नीट दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे कोण आहे ते कळल्याशिवाय नेम धरायचा नाही. आणि चौथा हाकेचा. फौजेत पहारेकरी आधी ललकारतो, कोण येतंय म्हणून. त्याचं मी मराठी करून टाकलं: आधी हाक, मग चाप. हे चारही धडे रायफलपेक्षा घरात परवान्याची बंदूक ठेवणाऱ्यांना जास्त लागू होते, आणि अशी माणसं तेव्हा बेलापुरात होती.

त्यांतले एक माझे घरमालकच. नानजीशेठ. बाजारात त्यांचं किराणामालाचं दुकान होतं आणि मागच्या गोदामाला लागून असलेल्या खोलीत मी राहायचो. शेठच्या वडिलांनी कच्छातल्या मांडवीहून येऊन दुकान घातलेलं, त्यामुळे शेठ गिऱ्हाइकाशी आमच्यासारखं मराठी बोलत आणि घरात बायकोशी गुजराती. माणूस लोण्यासारखा मऊ. पण खाडीपलीकडे एका व्यापाऱ्याकडे दरोडा पडला आणि शेठनी घाबरून परवाना काढून दुनळी बंदूक घेतली. आता ते चोरांनाही भ्यायचे आणि बंदुकीलाही, आणि दोन्ही भीती एकाच उशाशी घेऊन झोपायचे. बंदूक भरलेली, गादीला टेकून उभी.

त्यांच्या बायकोने, मोंघीबेननी, एकदा मला चहा देता देता दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "मास्तर, चोर येऊन काय नेणार? साखर नेणार, तूप नेणार. पण हे बंदूक एक दिवस माझा नवराच घेऊन जाणार."

नवरा गेला नाही, गूळ गेला. एका दुपारी गोदामात खुडखुड झाली. शेठ झोपेतून उठले, बंदूक उचलली आणि दाराच्या फटीतून अंधारात बार काढला. मी पलीकडच्या खोलीत जेवत होतो, हातातला घास ताटात पडला. धूर विरल्यावर बघतो तर एक मांजर कौलांतून पसार होत होतं आणि गुळाच्या ढेपांना भोकं पडली होती. शेठ भिंतीला टेकून उभे. गूळ टाकून द्यायला त्यांचा जीव होईना. मग पुढे कितीतरी दिवस बेलापूरकरांच्या चहात तळाशी छर्रे निघत होते. गिऱ्हाईक छर्रा आणून गल्ल्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, "शेठ, हा तुमचा." शेठ निमूटपणे तो खिशात टाकायचे.

त्यानंतर मी त्यांना हाताला धरून चांदमारीवर नेलं. दाराआड दुकानाचा हमालही असू शकला असता, मोंघीबेनही असू शकल्या असत्या, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं. शेठ एकही रविवार चुकवत नसत. धोतराचा काष्टा आवळून पालथे व्हायचे, पोट मध्ये आल्यामुळे त्यांची रायफल सदा आभाळाकडे बघायची. पण "बोट बाहेर" म्हटलं की बोट बाहेर. घरची बंदूक त्यांनी रिकामी करून कपाटात ठेवली, काडतुसं वेगळ्या डब्यात. मोंघीबेननी त्या आनंदात मला श्रीखंड खाऊ घातलं.

आमच्या वर्गात शाळेचे गुरुजीही होते. उत्साह मोठा, दृष्टी अधू. नेम स्वतःच्या लक्ष्यावर धरायचे आणि भोक शेजाऱ्याच्या लक्ष्याला पडायचं. शेजारी बहुधा चांगुणा असायची, त्यामुळे तिला फुकटचे गुण मिळत. तिचं स्वतःचं सांगायचं तर ती चाप ओढताना दोन्ही डोळे मिटायची. मी म्हणायचो, "अगं, एक मिट." ती म्हणायची, "मास्तर, यक मिटला का दुसरा आपोआप जातंय, मी काय करू?" दणक्याची तिला भीती होती आणि ती शेवटपर्यंत गेली नाही.

एक दिवस सगळे गेल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, "मास्तर, माज्या घरात बंदूक नाय आन कवा येनारबी नाय. मना येवरंच सांगा, पहाटं पाटी घेऊन बांधावरून जाते, तवा कोन मागं लागला तर मी काय करू?" मिठागराच्या बाजूला काही दारुडे बायकांच्या वाटेत उभे राहायचे. एका पोरीचा हात धरला होता. त्या पोरीने बाजाराला जाणंच सोडलं होतं.

सरकारने दिलेल्या धड्यांत याचं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी चांगुणेबरोबर त्या बांधावरून चालत गेलो. ती पाटी घेऊन पुढे, मी मागे. मग मी पुढे, ती मागे. कुठे वाट अरुंद होते, कुठे तिवरांच्या झाडीत माणूस लपू शकतो, कुठून आवाज गावापर्यंत जातो, हे आम्ही दोघांनी पाहून घेतलं. मी तिला सांगितलं, "मान खाली घालून चालायचं नाही. लांब बघायचं. झाडीजवळ आलीस की बांधाच्या दुसऱ्या कडेने जा, म्हणजे मध्ये अंतर राहील. एकटी जाऊ नको. आणि कुणी दिसला की तो जवळ येईपर्यंत वाट बघू नको, लांबूनच विचार, कोण आहेस, तिथंच थांब. सरळ माणूस असेल तर उत्तर देईल. उत्तर आलं नाही तर तुला उत्तर मिळालंच."

"आन आलाच आंगावर तर?"

"पाटी टाक आणि पळ."

"पाटी टाकू?" ती खवळली. "मावरा काय तुमचा बाप देल?"

"मग त्याच्या तोंडावर टाक."

हे तिला एकदम पटलं. हसत सुटली.

हाक कशी द्यायची ते मात्र मला शिकवावं लागलं नाही. बाजारात ओरडून तयार झालेला गळा तो. पहिल्यांदा तिने खाणीत हाक दिली तेव्हा वरची कबुतरं उडाली. तिने गावातल्या बायकांना गोळा केलं, त्या तिघी-चौघी मिळून बाजाराला जाऊ लागल्या, आणि एका पहाटे झाडीत हालचाल दिसताच सगळ्यांनी मिळून हाक दिली, "कोन हाय त्यो? हात वर कर!" झाडीतून दोन्ही हात वर करून गुरुजी उभे राहिले. एका हातात टमरेल होतं. "मी, मी, शाळेचा मास्तर!" ते ओरडले, आणि मग धोतराची आठवण होऊन तितक्याच वेगाने खाली बसले. बायका हसून बांधावर लोळल्या. गुरुजींनी नंतर मला गंभीरपणे सांगितलं, "हवालदार, तुमचं शिक्षण परिणामकारक आहे, यात शंका नाही." दारुड्यांपर्यंतही ही गोष्ट पोहोचली असावी. ते तिकडे दिसेनासे झाले, आणि हात धरला होता ती पोरगी पुन्हा बाजाराला जाऊ लागली.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग पाकिस्तानशी लढाई जुंपली.

खाडीपलीकडे मुंबई संध्याकाळ होताच काळीठिक्कर व्हायची. आमच्याकडे कंदिलालाही काळा कागद लावायचा हुकूम होता. लढाई लांब होती, पण अफवा रोज सकाळी दुधाबरोबर यायच्या. सगळ्यांत मोठी अफवा छत्रीवाल्यांची. शत्रूचे सैनिक विमानातून छत्री लावून उतरतात, साधूचा नाहीतर भिकाऱ्याचा वेष घेतात आणि पूल उडवतात. लोक आभाळाकडे बघत चालायचे. अनोळखी माणूस दिसला की घोळका जमायचा. खोबऱ्याच्या तेलाचा एक विक्रेता केवळ तोतरं बोलतो म्हणून चौकीवर जाऊन आला. मी वर्गात कानीकपाळी ओरडायचो, पण वर्गातल्या मूठभर माणसांपुढे अख्खा मुलूख भ्यालेला होता. मोंघीबेननी मला हळूच सांगितलं की बंदूक पुन्हा गादीजवळ आली आहे. येत्या रविवारी शेठशी बोलायचं, असं मी ठरवलं.

तो रविवार उजाडला. सूर्य नुकताच वर आलेला, मी खाणीत चटया अंथरत होतो. रायफली चौकीतून यायच्या होत्या. इतक्यात खाडीच्या बाजूने थाळ्या वाजू लागल्या. पाठोपाठ गुरुजी धापा टाकत आले. "हवालदार, चला! तिवरांत छत्रीवाला उतरलाय! छत्री झाडाला अडकलीय, पांढरी, मी पाहिली! लोकांनी नानजीशेठना बंदूक घेऊन बोलावलंय!"

गुरुजींनी काय पाहिलं असेल याचा मला भरवसा नव्हता. शेठच्या हातातली बंदूक मात्र मला डोळ्यांपुढे स्वच्छ दिसली. मी धावत सुटलो.

जवळची वाट म्हणून मी खाजणातल्या बांधाने निघालो आणि तिथेच फसलो. पावसात बांध एका ठिकाणी फुटला होता आणि भरतीचं पाणी त्या खिंडारातून जोराने आत शिरत होतं. पलीकडच्या बांधावर घोळका दिसत होता. काठ्या, कोयते, वल्ही. घोळक्याच्या पुढे नानजीशेठ, बंदूक खांद्याला लावलेली. त्यांच्यासमोर, तिवरांच्या कडेला, कमरेपर्यंत चिखलात रुतलेला एक माणूस. चेहरा, केस, सगळं चिखलाने माखलेलं, फक्त डोळे दिसत होते. त्याच्या मागे झाडावर मोठं मळकट पांढरं कापड लोंबत होतं. माणूस हात हलवत पुढे यायचा प्रयत्न करत होता आणि त्याने पाऊल उचललं की घोळका ओरडायचा, "मारा! शेट, मारा! आला, आला!"

मी ओरडलो. जितकं ओरडता येईल तितकं ओरडलो. त्या गोंगाटात माझा आवाज बांधाच्या या बाजूलाच राहिला. मी पाण्यात उतरलो, तर पाणी छातीशी आलं आणि ओढीने मला कडेला रेटलं. एवढी वर्षं फौजेत काढली, पण इतका निरुपयोगी मी कधीच झालो नव्हतो.

तेव्हा घोळक्याच्या मागून चांगुणा येताना दिसली. डोक्यावर पाटी, बाजाराला निघालेली. तिने पाटी खाली ठेवली आणि माणसांना कोपराने बाजूला सारत पुढे आली. मला वाटलं ती त्या माणसाच्या आड जाऊन उभी राहणार. पण नळीपुढे जायचं नाही हे तिला शिकवलेलं होतं आणि ती गेली नाही. ती शेठच्या उजव्या खांद्याला खेटून उभी राहिली आणि त्यांच्या कानात ओरडली, "शेट, बोट बाहेर!"

पाण्यातून मला ते स्वच्छ ऐकू आलं. आणि मी पाहिलं, शेठचा हात हलला. त्यांचं डोकं तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हतं, ते स्वतःच नंतर म्हणाले की समोर काय आहे तेही त्यांना दिसत नव्हतं, फक्त कानात ‘मारा, मारा’ होतं. पण इतके रविवार ज्या बोटाने तो हुकूम ऐकला होता त्या बोटाने तो ऐकला.

चांगुणेने लगेच समोरच्याला हाक दिली. "ए! थांब तितंच! कोन हाय तू? बोल!"

ती हाक खाडीवरून पलीकडे गेली असेल. घोळका गप्प झाला. चिखलातला माणूस थांबला. त्याने दोन्ही हात वर केले आणि रडत ओरडला, "मारशो नहीं, बापा! अमारुं वहाण कादवमां बेसी गयुं छे! मारो काको अंदर छे!"

घोळक्यात कुणाला नीट कळलं नाही. कुणीतरी म्हणालं, "बगा, पाकिस्तानी बोलतंय." पण एका माणसाला शब्द न् शब्द कळला होता, आणि तो बंदूक धरून उभा होता. शेठनी नळी पाण्याकडे वळवली. मग त्यांच्या तोंडून त्यांची घरातली भाषा बाहेर पडली. "क्यांनो छे तुं, भाई?"

"मांडवीनो!"

शेठनी बंदूक खांद्यावरून उतरवली. "आमच्याकडचा आहे," ते म्हणाले. मग मागे वळून सगळ्यांना, एकेकाचा चेहरा बघत, तेच पुन्हा पुन्हा म्हणू लागले, "अरे, आमच्याकडचा आहे हा. खलाशी आहे. याचं गलबत रुतलंय. याचा काका आत आहे."

त्या माणसाचं नाव कासम. नारळी पौर्णिमा होऊन गलबतं नुकतीच पाण्यात उतरली होती. कौलं घेऊन ते मुंबईकडे येत होते, आणि लढाईमुळे बंदरातले दिवे विझवलेले. नेहमीच्या खुणा दिसेनात, भरतीने गलबत खाडीत आत ओढलं आणि गाळात बसवलं. डोलकाठी मोडून काकाच्या पायावर पडली. कासम मदत शोधायला तिवरांतून निघाला, अंगावर घ्यायला फाटलेल्या शिडाचा तुकडा घेऊन. तो झाडाला अडकला, तीच छत्री.

नाव ऐकल्यावर घोळक्यात पुन्हा कुजबुज सुरू झाली. एक जण मोठ्याने म्हणाला, "नाव बगा ना. पाकिस्तानचाच असंल. सोंग करतंय."

चांगुणेने पाटी उचलून डोक्यावर घेतली, पुन्हा खाली ठेवली. "आसंल तं पोलीस बगतील," ती म्हणाली. "तितं म्हातारा चिखलात मरतंय. भरती चढतंय. ज्याला यायचा हाय त्यानी या, नायतर घरी जाऊन भाकर खा." आणि गावाच्या दिशेने तोंड करून तिने दुसरी हाक दिली, "पांडूऽऽ! होडी काढ!"

तोवर मी कसाबसा पलीकडे पोहोचलो होतो. शेठच्या हातातून बंदूक घेतली आणि उघडली. दोन्ही नळ्या भरलेल्या होत्या. काडतुसं काढून खिशात घातली. शेठ माझ्याकडे बघतही नव्हते. ते धोतर सावरत चिखलात उतरले होते आणि कासमला हात देत होते. त्यांच्याने तो ओढवेना, उलट तेच रुतायला लागले, मग आधी ‘मारा’ म्हणणाऱ्यांपैकीच दोघा-तिघांनी दोघांनाही बाहेर काढलं.

पांडू आणि दिवाळ्याचे गडी होडीने गेले. गलबताच्या तळात गळ्यापर्यंत पाण्यात म्हातारा सापडला. पाय मोडला होता, शुद्ध होती. चौकीचा शिपाई रायफली घेऊन खाणीत गेला होता, तो हे कळल्यावर धावत आला. त्याने कासमकडची गलबताची कागदपत्रं पाहिली, वरच्यांना कळवलं, आणि दोघांना कुठे ठेवायचं म्हणून डोकं खाजवू लागला. शेठ म्हणाले, "माझ्या घरी."

पुढचं थोडक्यात सांगतो. गलबत मोठ्या भरतीला निघालं. म्हाताऱ्याचा पाय पनवेलच्या डॉक्टरांनी बसवला, पण तो लंगडला तो लंगडलाच. कासम नंतर कित्येक वर्षं पावसाळा संपला की बेलापूरच्या धक्क्याला यायचा आणि मोंघीबेनसाठी आणि चांगुणेसाठी खजूर आणायचा. चांगुणेला तो बेन म्हणायचा, ती त्याला मेल्या म्हणायची. शेठनी बंदूक चौकीत जमा केली आणि परवान्याचं पुन्हा नाव काढलं नाही. रविवारी ते येत राहिले, मात्र रायफलीला हात न लावता. चटया घालायचे, नव्या माणसांच्या मागून फिरायचे आणि माझ्याआधी ओरडायचे, "बोट बाहेर!"

लढाई संपली तशी लोकांची हौसही संपली. येणारे कमी झाले, मग योजना बंद झाली, रायफली परत गेल्या. मला वाईट वाटलं, ते अजून वाटतं. बंदूक शिकणारे कमी झाले याचं नाही. भ्यालेल्या माणसांना एकत्र बसवून भीतीबद्दल दोन शब्द बोलायची ती एकच जागा होती, ती गेली. पुढे मी एका कारखान्यात पहारेकऱ्यांचा प्रमुख झालो, तिथे बरा पगार होता आणि सांगण्यासारखं काही घडलं नाही.

पण त्या रविवारच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. म्हाताऱ्याला शेठच्या दुकानात तांदळाच्या पोत्यांवर निजवलं होतं. मोंघीबेननी खिचडी केली होती आणि चांगुणा त्याला उठवून बसवून भरवत होती, कारण त्याचे हात अजून थरथरत होते. बाजाराची वेळ टळली म्हणून तिने पाटीतलं मावरं गल्लीत वाटून टाकलं होतं. कासम भिंतीला टेकून झोपून गेला होता. शेठ गल्ल्याशी बसले होते. ते एकदम मला म्हणाले, "मास्तर, चांगुणा आली नसती तर?"

शेठ माझ्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. त्यांचे डोळे भरून आले होते.

चांगुणेने मान वर केली नाही. म्हाताऱ्याच्या ओठाला लागलेलं शीत तिने बोटाने आत सारलं.

"नसते आले तं नसते आले," ती म्हणाली. "आले ना? आता रडत नका बसू, शेट. तूप आना जरा. नुसती खिचडी गिलताय म्हातारा."